प्लस २०चा पिस्टन का धरला, ते अखेर कळले

मागच्या नोंदीत माझ्या मोटरसायकलच्या ७० बाय ९०च्या (बोअर म्हणजे आतला व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी) बिडाच्या बॅरलचे, म्हणजे सिलिंडरचे, बोअरिंग झाल्याचे आणि त्यात प्लस २०चा (मूळ मापापेक्षा २० थाऊ, म्हणजे इंचाच्या २० सहस्रांशांनी मोठा) पिस्टन बसवल्याचे लिहिले होते. इंजिन दुसऱ्या किकला सुरू झाले, परंतु दहाएक मिनिटांत त्याचा आवाज जड होत गेला आणि ते बंद पडले. किक जागची हलेना, म्हणजे पिस्टन बॅरलमध्ये अडकला, धरला होता. थंड झाल्यावर मात्र ती मोकळी झाली.

पुढच्या तीन संध्याकाळी कार्ब्युरेटर, ऑइल पंप आणि टायमिंग तपासण्यात गेल्या. बॅरल उतरवल्यावर दिसले की ओरखडे पिस्टनच्या स्कर्टच्या (रिंगांखालच्या भिंतीच्या) पुढच्या आणि मागच्या अंगाला, तेही अगदी तळाशी आहेत, आणि रिंगांचा पट्टा स्वच्छ आहे. तेव्हा मी पिस्टन पुन्हा मोजायला घेतला.

पिस्टनचा माथा सर्वांत जास्त तापतो आणि फुगतो, म्हणून पिस्टन वर निमुळता ठेवलेला असतो. शिवाय तो पूर्ण गोल नसतो, त्याची रुंद बाजू गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात येते. त्यामुळे माप याच काटकोनात, स्कर्टच्या तळाजवळ घ्यायचे असते. मी ते ऑइल रिंगच्या लगेच खाली, म्हणजे स्कर्टच्या वरच्या टोकाला, घेतले होते. तिथे ७०.३९ मिमी भरले, त्यात मोकळीकीचे (क्लिअरन्सचे) ०.०७ मिळवून मी बोअर ७०.४६ करून घेतला. आज तळाशी मायक्रोमीटर लावला, तर ७०.४४! बोअरला एका इंचामागे एक थाऊ या हिशेबाने जिथे मिमीच्या सात शतांश मोकळीक हवी, तिथे जेमतेम दोन शतांश होती. २० थाऊ म्हणजे ०.५०८ मिमी, तेव्हा बोअर ७०.५१च्या आसपास यायला हवा, हा साधा ताळाही मी घेतला नव्हता. पिस्टनसोबतच्या चिठ्ठीत क्लिअरन्स छापला होता, माप कुठे घ्यायचे ते नव्हते. पुरवठादारांनी ती एक ओळ घालायलाच हवी.

नवा प्लस ३०चा पिस्टन मागवण्याचे मी ठरवले होते, ते आता रद्द. स्कर्टचे उंचवटे बारीक पॉलिश पेपरने ओल्यानेच उतरवले, रिंगा खाचांत मोकळ्या फिरतात, आणि बोअरचे कमी पडलेले पाच शतांश होनिंगने (आतून दगडांनी घासून) निघतील. त्यासाठी स्प्रिंगचे तीन पायांचे होन वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे: ते फक्त आतल्या भिंतीची चकाकी मोडते आणि आहे त्याच आकारामागे जाते. दगड पक्के बसवलेले होनच हवे.

समाधानाची गोष्ट रिंगांची. वरची रिंग पिस्टनच्या माथ्याने बोअरमध्ये सरळ ढकलून, एकाच टोकावर बाहेरून आत कानस फिरवत तिच्या दोन टोकांमधली फट (गॅप) ०.३० मिमी केली होती. फीलर गेजची पाती तिथे हलकेच अडकत सरकते. बोअर पाच शतांश वाढला की गॅप साधारण ०.४५ होईल, आणि ती चालण्यासारखी आहे.

हे लिहितानाच सुचले की हेड कसल्यावर बॅरल किंचित दबतो, म्हणून होनिंगच्या वेळी वर जाड प्लेट ठेवून नट नेहमीच्या टॉर्कला कसावेत. त्यामुळे उद्याचे होनिंग पुढे ढकलले आहे. आधी प्लेट बनवून घेतो. होनिंग करणाऱ्याला बॅरलसोबत पिस्टनही देईन, आणि माप जिथे घ्यायचे तिथे स्कर्टवर मार्करने रेघ ओढलेली असेल.