तिथं आता राहतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझं मूळ गाव विजयदुर्ग म्हटलं की कोल्हापुरात हमखास प्रश्न येतो, ‘किल्ला सोडून तिथं आहे काय? आता राहतं तरी कोण?’

खरं तर ते गाव तुम्हाला परकं नाही. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज यानंच तो किल्ला बांधला, असं परंपरा सांगते. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत पन्हाळा आणि विजयदुर्ग एकदमच गेले.

आज आडबाजूला वाटणारं हे गाव एके काळी भर रस्त्यावर होतं, कारण समुद्र हाच रस्ता होता. वाघोटनच्या खाडीतून गलबतं पार खारेपाटणपर्यंत आत यायची आणि तिथून माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा. या खाडीत आंग्र्यांचं आरमार उभं असायचं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ते इथंच जळालं. तोफा इंग्रजांच्या, पण त्यांना तुळाजी आंग्र्यांवर आणलं पेशव्यांनी. आपलं आरमार आपणच बुडवलं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढं मुंबईची आगबोट आली. आजोबा गिरणीत होते. त्यांची लोखंडी ट्रंक माझ्याकडं आहे, तिच्या तळाला चार बोटं गंज चढलाय. बोटीतून पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या लहान होडीत, उतरवताना ती खाऱ्या पाण्यात टेकली होती. आजी शेवटपर्यंत कुणीही दारात आलं की विचारायची, ‘बोट इली?’ बोट कायमची बंद झाली, सगळी ये-जा डांबरी रस्त्यानं सुरू झाली आणि आमचं गाव त्या रस्त्याच्या शेवटच्या टोकाला गेलं.

तर राहतं कोण? मासेमारी करणारे गाबीत राहतात, भंडारी राहतात, मुसलमान राहतात. मार्च ते मे हापूसची धांदल असते, गवतात आंबा भरताना खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. शाहू मार्केट यार्डात तुम्ही घेता त्या देवगडच्या पेटीत आमच्याकडचाही आंबा असतो. मासळीचं मात्र कठीण झालंय. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेरजाळ्यांचे बोटवाले, आणि रात्री झगझगीत दिवे लावून येणारे ट्रॉलर थवेच्या थवे उचलून नेतात, लहान होडीवाल्यानं काय करायचं? गेल्या मे महिन्यात चुलतकाका धक्क्यावर जाळं विणत बसले होते. ‘बांगडो गावता मां?’ मी विचारलं. त्यांनी अंगठ्यात दोरा ताणून गाठ मारली, दातानं तोडली. ‘गावता कधी कधी,’ म्हणाले आणि जाळ्याची पुढची फाटकी बाजू मांडीवर ओढली.