खोटा खून खोटाच आहे, हे सिद्ध करण्याचे चार महिने

१९७६ साली एका चित्रपट वितरकाने मारलेली थाप ही थापच होती, एवढी एक गोष्ट एका संशोधन ग्रंथालयाच्या कार्यालयाला पटवून देण्यात माझे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी एकच अर्ज तीन वेळा भरला, त्यातल्या एकाच प्रश्नाला तिन्ही वेळा ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि तिन्ही वेळा ‘आपल्या उत्तराची पडताळणी चालू आहे’ असे तेच ठरावीक पत्र मला आले. आता काम झाले आहे, कात्रणे माझ्या हाती आहेत, तरीही राग गेलेला नाही. तो गेल्यावर लिहायला बसले तर सगळेच फार समजूतदारपणे लिहिले जाईल, म्हणून आत्ताच लिहून टाकते आहे.

कमी पैशांत काढलेल्या गल्लाभरू भयपटांची प्रसिद्धी कशी केली जात असे, यावर मी एक दीर्घ लेख लिहीत होते. या धंद्यात बहुतेक वेळा चित्रपटापेक्षा त्याची हूल मोठी असते. विल्यम कॅसल यांनी १९५८ साली ‘मकाब्र’ प्रदर्शित केला तेव्हा चित्रपट पाहताना भीतीने मृत्यू आल्यास एक हजार डॉलर देणारी लॉइड्स ऑफ लंडनची विमा पॉलिसी प्रेक्षकांच्या हाती दिली, चित्रपटगृहाबाहेर शववाहिका उभी केली आणि आत परिचारिका. १९६३ च्या ‘ब्लड फीस्ट’साठी निर्माते डेव्हिड फ्रीडमन यांनी ओकारीच्या पिशव्या वाटल्या, आणि एवढ्यावर भागेना म्हणून फ्लॉरिडातल्या सॅरासोटा येथे स्वतःच्याच चित्रपटाविरुद्ध मनाई हुकूम मागितला. हा चित्रपट जेमतेम साडेचोवीस हजार डॉलरमध्ये तयार झाला होता, त्यामुळे फुकटात मिळणाऱ्या बातमीचे मोल त्यांना पक्के ठाऊक होते. या थापांबद्दल मला खरे तर ममत्वच आहे, कारण त्यांत मारणाऱ्याने डोळा मिचकावलेला असतो आणि ऐकणाऱ्याला ते दिसलेले असते.

१९७६ च्या ‘स्नफ’ या चित्रपटाचे तसे नव्हते, आणि माझे घोडे अडले ते तिथेच. मायकेल आणि रोबर्टा फिंडले या दांपत्याने अर्जेंटिनात अमेरिकेतल्या कुप्रसिद्ध मॅन्सन टोळीच्या हत्याकांडावर बेतलेला ‘स्लॉटर’ नावाचा स्वस्तातला चित्रपट काढला होता आणि तो काही वर्षे तसाच पडून होता. अ‍ॅलन शॅकल्टन या वितरकाने त्याच्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये नव्याने चित्रित केलेला काही मिनिटांचा प्रसंग जोडला आणि तो ‘स्नफ’ या नव्या नावाने बाजारात आणला. त्यात चित्रीकरण आटोपते, कॅमेरा मात्र चालूच राहतो, आणि दिग्दर्शक चित्रपटाच्या चमूतल्याच एका मुलीला ठार मारतो. मग शॅकल्टनने श्रेयनामावली काढून टाकली, म्हणजे नाव घेऊन कुणाला शोधण्याची सोयच उरू नये. जिथे जीव स्वस्त आहे त्या दक्षिण अमेरिकेतच असा चित्रपट बनू शकतो, अशा आशयाची ओळ त्याने पोस्टरवर छापली आणि निषेध करायला भाडोत्री निदर्शक उभे केले. थोड्याच दिवसांत टाइम्स स्क्वेअरमधल्या नॅशनल चित्रपटगृहासमोर खऱ्या, संतापलेल्या स्त्रिया निदर्शनाला उभ्या राहिल्या आणि भाडोत्री मंडळींची गरजच उरली नाही. अखेर मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांना चौकशी करावी लागली. ‘मेलेली’ अभिनेत्री जिवंत सापडली, आणि मार्च १९७६ मध्ये त्यांनी हा बनाव असल्याचे, पडद्यावर दिसते ते नेहमीचेच छायाचित्रणाचे तंत्र असल्याचे जाहीर केले.

या प्रकरणाची प्रसिद्धीपत्रके आणि वृत्तपत्रीय कात्रणे असलेली एक फाइल त्या ग्रंथालयाच्या संग्रहात होती, आणि मला तिच्या प्रतिमा हव्या होत्या. ओळखपत्र, शुल्क, प्रताधिकाराचे हमीपत्र हे सगळे दोन दिवसांत पार पडले. मग प्रश्न क्रमांक १४ आला: ‘मागितलेल्या साहित्यात प्रत्यक्ष व्यक्तीच्या मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे चित्रण आहे काय?’ खाली दोन चौकोन होते, ‘होय’ आणि ‘नाही’. मी ‘नाही’वर खूण केली आणि निश्चिंत झाले.

अडीच आठवड्यांनी उत्तर आले की माझे उत्तर सूचीतील नोंदीशी विसंगत आहे. सूची उघडून पाहिली. त्या फाइलच्या वर्णनात कुणा सूचीकाराने केव्हातरी लिहून ठेवले होते: ‘प्रत्यक्ष हत्येचे चित्रण असलेल्या चित्रपटाची प्रसिद्धी-सामग्री व संबंधित कात्रणे.’ ही ओळ मी चार-पाच वेळा वाचली. फाइल न चाळता, वरचेच पत्रक पाहून शॅकल्टनची जाहिरात त्या माणसाने जशीच्या तशी सूचीत उतरवली होती. त्या दिवसापासून ती थाप जाहिरात उरली नव्हती. तिला नोंद क्रमांक मिळाला होता.

मी दुसरा अर्ज केला आणि त्याला सविस्तर पत्र जोडले. (इथे सांगून ठेवते: असे पत्र पाठवताना ईमेलच्या विषयात चित्रपटाचे नाव घालू नका. माझी दोन पत्रे त्या एका शब्दामुळे त्यांच्या टाकाऊ पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडली होती, आणि मी तीन आठवडे त्यांच्या उद्धटपणाला दोष देत बसले. फक्त नोंद क्रमांक लिहावा.) उत्तर आले ते असे की साहित्यातील मजकुराच्या खरेखोटेपणाबद्दल कार्यालय कोणतेही मत देत नाही, अर्जदाराने सूचीशी असलेली विसंगती दूर करावी. विसंगती दूर करायची म्हणजे सूची दुरुस्त करून घ्यायची. दुरुस्तीच्या विनंतीला मूळ साधनातला पुरावा लागतो. मूळ साधन म्हणजे तीच फाइल, आणि ती तर ‘पडताळणी प्रलंबित’ म्हणून बंद होती. पुरावा ज्या फाइलमध्ये होता, ती फाइल पुराव्याअभावी मिळत नव्हती.

‘होय’ म्हणून मोकळे व्हावे, असे एका स्नेह्याने सुचवले. तेही करून पाहण्याचा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे कबूल करते. पण ‘होय’ म्हटले की अर्ज नैतिकता समितीकडे जातो आणि त्याला मार्गदर्शक प्राध्यापकांची शिफारस लागते. मी कोणत्याही विद्यापीठात नाही, तेव्हा शिफारस आणायची कुठून? शिवाय खरे सांगायचे तर माझा हट्टही होता. ज्या थापेचा पंचनामा करायला मी निघाले होते, तिच्यावरच सही करून आत शिरायचे, हे मला पटेना.

तिसऱ्या अर्जात मी लिहिले की या फाइलमध्ये चित्रपट नाहीच, नुसता कागद आहे, आणि कागदावर कुणी मरत नसते. त्यावर आलेले उत्तर मी अजून जपून ठेवले आहे: ‘स्थिर छायाचित्रेही चित्रण या संज्ञेत समाविष्ट आहेत.’

या वाट पाहण्याच्या दिवसांत मला रुजेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाची राहून राहून आठवण येई. त्यांचा ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ फेब्रुवारी १९८० मध्ये मिलानमध्ये प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत जप्त झाला, आणि पुढे कलाकारांना खरोखर मारल्याचा संशय त्यांच्यावर आला. खरेपणाचा आभास टिकावा म्हणून त्यांनी कलाकारांकडून वर्षभर लोकांसमोर न येण्याचा करार करून घेतला होता, तोच करार आता त्यांच्या गळ्याशी आला. शेवटी कलाकार जिवंत असल्याचे दाखवावे लागले आणि खांबावर खोवलेल्या मुलीची युक्तीही उलगडून सांगावी लागली. लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलची बैठक जोडली होती, मुलगी तिच्यावर बसली होती आणि बाल्सा लाकडाचा एक छोटा तुकडा तोंडात धरून तिने मान वर केली होती. बस्स, एवढेच. त्यांच्याकडे हजर करायला निदान जिवंत माणसे तरी होती, माझ्याकडे फक्त नोंद क्रमांक होता. आणि त्यातली खरी बोचणारी गोष्ट अशी की त्या चित्रपटात प्राणी खरोखर मारले गेले होते, पण प्रश्न १४ मध्ये प्राण्यांचा उल्लेखच नाही. म्हणजे त्या चित्रपटाची फाइल मागितली असती तर ती माझ्या ‘नाही’वर सुखरूप सुटली असती.

दरम्यान त्याच ग्रंथालयातून कॅसल यांच्या शववाहिकांची आणि परिचारिकांची छायाचित्रे मी मागवली. ती तिसऱ्या दिवशी आली.

तिढा सुटला तो फोनमुळे. तो मी पहिल्याच आठवड्यात करायला हवा होता, पण लेखी अर्ज केला आहे तर लेखीच उत्तर यावे, या माझ्या ताठ्यात तीन महिने वाया गेले. फोनवर भेटल्या त्या वाचनकक्षातल्या एक सहायक ग्रंथपाल. त्यांनी या चित्रपटाचे नावही ऐकलेले नव्हते, आणि तेच बरे झाले. ‘थांबा हं’ म्हणून त्या उठल्या आणि थोड्या वेळाने मला फोनमधून कागद उलटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. त्या एकेक मथळा वाचून दाखवत होत्या. सहाव्या की सातव्या कागदावर त्या थबकल्या आणि म्हणाल्या, “अहो, हे तर बनाव होता असंच लिहिलंय इथे.” मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर आवाज चढला असता. पडताळणीवर शेरा मारण्याचा अधिकार त्यांना नव्हता, पण वाट त्यांनीच दाखवली: हेच कात्रण त्या वृत्तपत्राच्या सूक्ष्मपटावरून (मायक्रोफिल्मवरून) बाहेरून मिळवा, अर्जाला जोडा, म्हणजे पुरावा ‘स्वतंत्र साधनातून’ आला असे होईल.

मी दुसऱ्या एका ग्रंथालयात सूक्ष्मपटाच्या यंत्रापुढे दीड दिवस बसले. मार्च १९७६ चे रीळ उलट्या रंगांत होते, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे. चाक जरा जोरात फिरले की तीन दिवसांची वृत्तपत्रे डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जात. बातमी सापडली तेव्हा मी यंत्रावर हात ठेवून क्षणभर नुसती बसून राहिले, मग तिच्या दोन प्रती काढल्या, एक कार्यालयासाठी आणि एक माझ्या समाधानासाठी. चौथा अर्ज भरावा लागला नाही. तिसऱ्यालाच ते कात्रण जोडता आले आणि नवव्या दिवशी एका ओळीची मंजुरी आली.

कुणाला या वाटेने जायचे असेल तर मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवावा, कारण तो ऑनलाइन अर्ज अर्ध्या तासाने आपोआप कोरा होतो. आणि माझे पाहून प्रत्येक फाइलसाठी डोळे झाकून ‘नाही’ म्हणू नये. ‘फेसेस ऑफ डेथ’ या १९७८ च्या चित्रपटाच्या बाबतीत, उदाहरणार्थ, ‘होय’ हेच प्रामाणिक उत्तर आहे. ४६ देशांत बंदी असल्याची त्याची फुशारकी खोटी, माकडाचा मेंदू खाण्याचा कुप्रसिद्ध प्रसंग खोटा, तो मेंदू म्हणजे रंगवलेला फ्लॉवर; पण त्या बनावट प्रसंगांमध्ये मृत्यूची काही खरी दृश्ये मिसळलेली आहेत. एका पानावर थाप आणि दुसऱ्यावर सत्य असेल तेव्हा दोनच चौकोन असलेल्या अर्जाने काय करायचे, हे त्या कार्यालयाने मला सांगितले तर मी ऐकायला तयार आहे.

राग थोडा निवल्यावर एवढे मात्र मान्य करते की त्या कारकुनांची चूक अगदीच एकट्याची नाही. ‘गिनी पिग’ या जपानी मालिकेतला १९८५ चा एक भाग हॉलिवूडमधल्या एका नामवंत अभिनेत्याने १९९१ साली पाहिला, त्यातली हत्या त्याला खरी वाटली आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेले. ज्याचा जन्म कॅमेऱ्यासमोर गेला तो माणूस फसतो, तर दिवसभर नोंद क्रमांक पाहणाऱ्यांचे काय सांगावे? पण एफबीआयने ते प्रकरण निकालात काढले. माझ्या कार्यालयाने पडताळणी चालू ठेवली.

प्रतिमा आल्या तेव्हा प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘विचलित करणारे चित्रण’ असा शिक्का होता. बनाव उघडकीस आल्याची बातमी ज्या कात्रणात आहे, त्याच्यावरही होता. सूचीतली नोंद दुरुस्त करावी म्हणून मी सूक्ष्मपटावरची प्रत जोडून वेगळी विनंती केली, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा सूची उघडली. दुरुस्ती झाली आहे. वाक्य तेच आहे. ‘प्रत्यक्ष हत्येचे’ या शब्दांपुढे कंसात एक प्रश्नचिन्ह टाकले आहे.