एमके २चा पिस्टन आणि ग्रीसचा घोळ

शनिवारी जेवणं उरकल्यावर टेबलावर जुनी पांढरी चादर पसरली आणि स्कूबाप्रोचा एमके २, म्हणजे डायव्हिंगच्या रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग, उघडला. मागच्या सर्व्हिसला ग्रीस लावताना माझाच हात सैल सुटला होता. टाकीचा दाब मधल्या दाबावर आणणाऱ्या या फर्स्ट स्टेजमध्ये स्प्रिंगचा कप्पा समुद्राला खुला असतो. तारकर्लीच्या चार-पाच डाइव्हनंतर आत पाहिलं, तर ग्रीसमध्ये मीठ आणि बारीक वाळू. थालीपिठाच्या पिठात तीळ मळावेत तशी.

आतापर्यंत मोलिकोट १११ वापरायचो. ते सिलिकॉन ग्रीस, साध्या हवेला त्यात काही वावगं नाही. यंदा मित्राने ख्रिस्टो-ल्यूब एमसीजी १११ची ट्यूब दिली. आकडा तोच, पण नातं शून्य. हे परफ्लुओरोपॉलिइथर तेलात पीटीएफई (टेफ्लॉन) घोटलेलं, ऑक्सिजनमध्येही सहज पेट न घेणारं. भाव मात्र केशराचा.

मोह झाला, की हे लावलं म्हणजे आपला रेग्युलेटर ऑक्सिजनला तयार! तसं नसतं. २०० बारच्या हवेतच ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, ४२ बार असतो, ३२ टक्के नायट्रॉक्समध्ये (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेत) ६४. टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की वायू दाबून तापतो आणि कोपऱ्यात राहिलेलं जुनं सिलिकॉन तिथेच जळण म्हणून हजर. नवं ग्रीस त्याला पुसत नाही. मी आतून दोनदा धुतलं खरं, पण त्याला ऑक्सिजन-क्लीन, म्हणजे जळेल असं काहीच आत न उरलेलं, म्हणायची माझी छाती नाही. हा सेट हवेलाच राहील.

मग ख्रिस्टो-ल्यूब लावलं कशाला? खाऱ्या पाण्यात टिकतं म्हणून, आणि खरं सांगायचं तर ट्यूब हातात होती म्हणून. एमके २ मध्ये हलत्या ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) दोनच, एक पिस्टनच्या डोक्यावर, एक दांड्यावर. दोन्हींवर टाकीचा नाही, मधलाच दाब येतो. तांदळाएवढं ग्रीस चिमटीत घेऊन रिंग फिरवली. रबर चमकलं पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. या वेळी स्प्रिंगला काही नाही. हवेचं छिद्र बंद करणारी सीट कोरडी. सेकंड स्टेजचा, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचा, उच्छ्वास बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हही कोरडाच. तो सिलिकॉन रबराचा, सिलिकॉन ग्रीसने फुगतो.

जोडून १९० बारच्या टाकीवर चढवला. मधल्या दाबाच्या गेजवर ९.५ बार, दहा मिनिटं सुई जागची हलली नाही. आता सेकंड स्टेज. त्याचा लिव्हर कुरकुरतोय.