चाळिशीनंतरचे कपडे : आधी खांदा, मग बाकीचे

ट्रायल रूममध्ये कपडा अंगाला नीट बसला नाही, की चाळिशी ओलांडलेली स्त्री सहसा कपड्याला दोष देत नाही. ती स्वतःच्या शरीराला देते. ‘आता मला हे शोभत नाही’, ‘आधी पोट कमी करायला हवे, मगच असले काही घ्यावे’, अशी वाक्ये मी इतक्या जाणत्या आणि कर्तबगार स्त्रियांच्या तोंडून ऐकली आहेत, की या विषयावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मला शिवणकाम येते, कपड्यांची मनापासून आवड आहे आणि चाळिशीचा उंबरठा मी स्वतःही ओलांडलेला आहे. या वयात तयार कपडे न बसण्याचे मुख्य कारण वजन नसून, कपडा ज्या आराखड्यावर बेतलेला असतो तो आराखडा आहे, असे माझे ठाम मत आहे. तो नेमका कुठे कमी पडतो हे डोळ्यांना दिसू लागले, की काय घ्यावे, काय शिंप्याकडे न्यावे आणि काय पुन्हा हँगरला लावून बाहेर पडावे, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

या वयात शरीरात काय घडते ते आधी पाहू. बहुतेक स्त्रियांना रजोनिवृत्ती पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात येते, पण संप्रेरकांचे बदल त्याच्या काही वर्षे आधीच सुरू झालेले असतात. इस्ट्रोजेन कमी होऊ लागले, की पूर्वी मांड्यांवर आणि नितंबांवर साठणारी चरबी पोटाभोवती साठू लागते. त्यामुळे वजनाचा काटा तसूभरही हलला नसला, तरी कंबर आणि नितंब यांच्या मापांतला फरक कमी होतो. स्तनांतील ग्रंथींची जागा हळूहळू चरबी घेते, त्यांचा घट्टपणा जातो आणि छातीचा सर्वांत उंच बिंदू खाली सरकतो. वर्षानुवर्षे मेजावर वाकून काम केल्यामुळे खांदे पुढे झुकतात आणि मानेखालची पाठ किंचित गोलावते. यात आजारपण नाही की आळस नाही. पण कपड्याच्या दृष्टीने पाहिले, तर हे चारही बदल अशा ठिकाणी होतात, जिथे तयार कपड्याचे माप अगदी ठरीव असते.

तयार कपडा बेतताना कंपनी सर्वसाधारणपणे एका मधल्या मापाच्या मॉडेलच्या अंगावर आराखडा पक्का करते आणि मग तोच आराखडा ठरलेल्या प्रमाणात वाढवून किंवा घटवून बाकीची मापे तयार करते. त्यामुळे मोठ्या मापाचा कपडा म्हणजे मोठ्या किंवा प्रौढ शरीरासाठी विचार करून बेतलेला कपडा नव्हे. एका सडपातळ, बहुधा तरुण शरीराचा तो चोहोबाजूंनी फुगवलेला आराखडा असतो. छातीला दोन बोटे जास्त हवीत म्हणून आपण पुढचे माप उचलतो, तेव्हा छातीबरोबर खांदा, गळा, मुंढा (म्हणजे बाही जोडण्यासाठी ठेवलेली गोल कापणी) आणि बाहीची लांबीही वाढते, आणि या वाढीची तर आपल्याला गरजच नसते.

लेबलवरच्या आकड्याला आपण जो मान देतो, तोही त्याच्या इतिहासाकडे पाहता फारसा टिकत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९ आणि १९४० या वर्षांत सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. स्त्रियांच्या कपड्यांसाठी शास्त्रीय पद्धतीने मापे ठरवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. पण त्याच्या अंतिम आकडेवारीत केवळ गोऱ्या स्त्रिया धरल्या होत्या. पुढे १९५८ मध्ये तिथे मापांचे मानक जाहीर झाले, उत्पादकांनी ते आपापल्या सोयीने वाकवले आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागेच घेतले. आज प्रत्येक कंपनी स्वतःचा तक्ता वापरते, आणि गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून तेवढ्याच घेराच्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची पद्धतही रूढ झाली आहे. तेव्हा एका कंपनीचा ‘मीडियम’ बसतो आणि दुसरीचा ‘एक्स्ट्रा लार्ज’ही बसत नाही, यावरून आपल्या शरीराविषयी काहीच सिद्ध होत नाही. मापाची टेप घेऊन छाती, छातीच्या वरचा घेर, कंबर, नितंब आणि पाठीची रुंदी ही स्वतःची मापे लिहून ठेवावीत आणि तक्त्यात ती शोधावीत. आकडा कोणता येतो याकडे लक्ष देऊ नये.

आता मुख्य मुद्दा. कपडा अंगात घातल्यावर बहुतेक जणींची नजर पहिल्यांदा पोटाकडे जाते; माझा आग्रह आहे की ती खांद्याकडे जावी. बाही जिथे जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली, तर अंगभर कपडा कितीही महागाचा असला तरी उसना आणल्यासारखा दिसतो. ती मानेकडे सरकलेली असली, तर हात उचलताना ओढ बसते. मुद्दाम सैल खांद्याचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. खांद्याला इतके महत्त्व देण्याचे कारण व्यवहाराचे आहे : कंबर आत घेणे, उंची कमी करणे, बाही निमुळती करणे ही शिंप्याची रोजची कामे आहेत, पण खांदा लहान करायचा म्हणजे बाही उसवून, मुंढा नव्याने कापून ती पुन्हा बसवायची, आणि अस्तर लावलेल्या जाकिटात तर हे काम इतके किचकट होते की चांगले शिंपीही नको म्हणतात.

खांद्याखालोखाल मुंढा. ट्रायल रूममध्ये दोन्ही हात वर करून पाहावेत. संपूर्ण कपडा हातांबरोबर वर चढत असेल, तर मुंढा फार खाली आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल, तर हात मोकळा हलतो आणि कपडा जागच्या जागी राहतो. हे ऐकायला उलटे वाटते, पण करून पाहिले की लगेच पटते. दंड भरले म्हणून एक माप मोठे घेतल्यावर अवघडलेपणा कमी न होता वाढतो, त्याचे कारणही हेच : मोठ्या मापात मुंढा आणखी खाली गेलेला असतो. अशा वेळी आपल्याच मापातली, पण वरच्या भागात रुंद बेतलेली बाही शोधावी.

कपडा कुठे चुकतो आहे हे त्यावरच्या चुण्या सांगतात, आणि त्या वाचायला शिकणे हे मला या सगळ्यातले सर्वांत उपयोगाचे शिक्षण वाटते. आडव्या, ताणलेल्या चुण्या पडल्या असतील, तर तिथे घेर कमी आहे. उभ्या, लोंबत्या घड्या पडत असतील, तर तिथे कापड जास्त आहे. तिरक्या चुण्यांचे एक टोक कापड जिथे अपुरे पडते त्या जागेकडे बोट दाखवत असते. काखेजवळून छातीच्या टोकाकडे जाणारी तिरकी रेघ दिसली, की छातीसाठी कापडाला पुरेसा उठाव दिलेला नाही, असे समजावे. पाठीवर कमरेच्या वर कापड गोळा होत असेल, तर लगेच पाठीला दोष देऊ नये. कपडा हाताने खाली ओढावा आणि चार पावले चालावे. तो पुन्हा वर चढला, तर दोष नितंबांवरच्या घेराचा आहे, कारण तिथे मावत नाही म्हणून कापड कमरेच्या पोकळीत सरकते. तो खाली ओढलेला तसाच राहिला आणि तरीही घडी पडली, तर पाठीची लांबी जास्त आहे. पहिल्या दोषावर बाजूची शिवण सोडवून उपाय होतो, दुसऱ्यावर पाठीत घडी घेऊन. आणि दोन्ही दोष आरशात दिसायला सारखेच असतात.

पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी जणींना छळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे दिवसभर मागे सरकणारा गळा. शर्ट किंवा कुर्ता पुढून गळ्याला लागतो, मागून कॉलर मानेपासून सुटते, आणि हात सारखा पुढची बाजू खाली ओढत राहतो. इथे गळा लहान नसतो. पाठ किंचित गोलावल्यामुळे मागच्या भागाला जास्त लांबी लागते. ती तिथे नसते म्हणून कपडा पुढून मागे खेचला जातो. कपडा शिवून घेणार असाल, तर खांद्याची शिवण सेंटिमीटरभर पुढे घ्यायला आणि तेवढे कापड मागच्या भागाला द्यायला सांगावे. तेवढ्याने केवढा फरक पडतो, हे अंगात घातल्याशिवाय कळत नाही. तयार कपड्यात मात्र हा दोष काढणे अवघड असते, म्हणून बंद गळ्याऐवजी उघडा किंवा ‘व्ही’ आकाराचा गळा निवडणे बरे.

छातीच्या बाबतीत सुरुवात आतून करावी. ब्राचा पट्टा पाठीवर वर चढत असेल, तर तो सैल आहे. आधार मुख्यतः त्या पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नव्हे. योग्य मापाची ब्रा घातली, की छातीचा बिंदू वर येतो आणि कपड्यातले टक्स, म्हणजे कापडाला उठाव देणाऱ्या निमुळत्या शिवलेल्या घड्या, आपल्या जागी बसतात. टक्सचे टोक त्या बिंदूच्या दिशेने जावे आणि त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे थांबावे. टक्स बिंदूच्या वर संपत असतील, तर तिथे रिकामा फुगवटा दिसतो आणि खाली कापड ताणले जाते. बटणांच्या शर्टात छातीसमोर फट पडते, त्यावर पिन लावून दिवस काढण्यापेक्षा खांद्यापासून किंवा मुंढ्यापासून खालपर्यंत उभ्या शिवणी असलेला बेत शोधावा, कारण अशा प्रत्येक शिवणीत शिंप्याला कापड देण्याघेण्यास वाव असतो.

पँटमध्ये खांद्याचे काम आसन करते, म्हणजे कमरेच्या पट्टीपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचे अंतर. पोटाभोवती भर आली असेल आणि आसन आखूड असेल, तर पट्टी पोटाखाली घसरते, वर वळकटी दिसते आणि दोष बिचाऱ्या पोटाच्या माथी येतो. आसन पुरेसे खोल घ्यावे, नितंबांना व्यवस्थित बसेल ते माप निवडावे आणि कंबर शिंप्याकडून करून घ्यावी. पँट घालून खुर्चीवर बसून पाहणे अत्यावश्यक आहे. उभे राहून सुरेख दिसणारी कितीतरी पँट बसल्यावर मागून खाली उतरतात.

कापडाविषयी माझे मत थोडे हट्टी वाटेल, पण ते मांडते. अगदी पातळ, अंगाला चिकटणारे जर्सीचे कापड सोयीचे असले तरी ते आतली प्रत्येक शिवण दाखवते. त्यापेक्षा थोडे वजन आणि अंगचा ताठपणा असलेले सुती किंवा लिननचे कापड, किंवा चांगल्या पडणीचा व्हिस्कोस, शरीरावर स्वतःची रेषा उभी करतो. कापडात दोन-तीन टक्के इलॅस्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असले तर उठताबसताना सुख होते, पण त्याच्या जिवावर लहान माप घेऊ नये. अचानक अंगातून वाफा येण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांनी एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ थर घालावेत आणि पॉलिएस्टरचे अस्तर शक्यतो टाळावे. उरेब, म्हणजे तिरप्या, कापलेल्या कपड्याचीही एकदा ओळख करून घ्यावी. मादलेन व्हिओने या फ्रेंच शिवणकर्तीने १९२० च्या दशकात या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली; धाग्याला ४५ अंशांच्या कोनात कापलेले कापड ताण न देता वळणांवरून वाहते, आणि इलॅस्टेन नसलेल्या काळात तिने हे साधले होते.

‘वयाला शोभेल असे’ या सबबीखाली प्रौढ स्त्रियांना जे सैल, रंगहीन कपडे सुचवले जातात, त्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. झाकण्यासाठी म्हणून घेतलेला ढगळ कपडा शरीराच्या सर्वांत रुंद जागेवरून सरळ खाली लोंबतो आणि सगळे अंगच तेवढे रुंद भासवतो. उलट, खांद्यावर नेमका बसलेला आणि कमरेपाशी जरासा आत गेलेला कपडा, पोट असतानाही, डौलदार दिसतो. बाह्या नकोत, गुडघा झाकलेलाच हवा, लाल नको, असल्या याद्यांत काही तथ्य नाही. केस पांढरे होऊ लागले की चेहऱ्याजवळच्या रंगांचा तोल बदलतो, एवढे मात्र खरे. पूर्वी खुलणारा फिका पिवळा आता चेहरा निस्तेज करू शकतो आणि कधी न वापरलेला गडद निळा किंवा जांभळा उठून दिसू शकतो. म्हणून रंग दिवसाच्या उजेडात, चेहऱ्याजवळ धरून पाहावेत.

शिंप्याचा खर्च कपड्याच्या किमतीतच धरून चालावा, कारण आपल्या आकाराचा विचार न करता बेतलेला कपडा दुरुस्तीशिवाय बसावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. घेण्याआधी कपडा उलटा करून शिवणीत किती दाब सोडला आहे ते पाहावे. तिथे सेंटिमीटरभरही कापड नसेल, तर तो सैल करता येणार नाही. शिंप्याकडे जाताना त्या कपड्याखाली जी ब्रा आणि जे पादत्राण वापरणार तेच घालून जावे, ‘फिटिंग करून द्या’ असे मोघम न सांगता चुणी कुठे पडते ते बोटाने दाखवावे, टाचण्या अंगावरच लावून घ्याव्यात, आणि पक्की शिलाई मारण्याआधी कच्च्या टाक्यांवर कपडा घालून एकदा बसून, हात वर करून, चालून पाहायचे आहे, असे आधीच सांगून ठेवावे.