चाचांचं गेमचं दुकान बंद झालं

रविवार, रात्री

चाचांनी आज शटर कायमचं ओढलं. लातूरच्या गंजगोलाई बाजारापासून पायी जाण्यासारखं ते व्हिडिओ गेमचं दुकान. मशीनं भंगारवाल्यानं वजनावर नेली. लोखंड वेगळं, तांब्याची तार वेगळी, फळ्यांना तर भावच नाही. ज्या स्टिकच्या काळ्या गोळ्यावर आमच्या सगळ्यांचे तळवे घासून गुळगुळीत डाग पडले होते, तिलाही कुणी विचारलं नाही. संध्याकाळपासून जेवणावर मन नाही.

आमच्या लहानपणी लातुरात ‘गेमवर दिसला’ म्हणजे पोरगं वाया गेलं असंच धरत. आधीच हे लातूर पॅटर्नचं गाव, दहावी-बारावीसाठी लांबून लांबून पोरं इथं येऊन खोल्या करून राहायची. त्यात काही दुकानांत पैसे लावायची मशीनं असायची, त्यामुळं सगळ्यांचंच नाव खराब झालं. चाचांनी तसलं मशीन कधी आत येऊ दिलं नाही. भाडं थकलं तेव्हाही नाही. उलट ट्युशनची वेळ झाली की ओरडायचे, “चलो, निकलो, सर के पास जाओ!” आणि हातातला गेम संपवूनच उठवायचे, मधेच नाही. हे मला फार मोठं वाटतं.

आमचा खेळ एकच, मुस्तफा. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ साली काढला, म्हणजे आमच्याकडच्या भूकंपाचं साल. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’. ते स्क्रीनवर यायचं, पण कुणी वाचायचं नाही. टोपीवाला मुस्तफा पळत येऊन लाथ मारायचा, म्हणून खेळाला त्याचंच नाव. मार आणि उडी ही दोन्ही बटणं एकदम दाबली की आजूबाजूचे सगळे आडवे, पण आपलीही लाईफ थोडी कमी व्हायची. हे मला कुणी शिकवलं नाही. मागं उभं राहून बघून बघून कळलं. खिशात रुपया नसायचा, पण तिथं उभं राहायला पैसे लागत नव्हते. “काय बघलालास, सरक थोडं” एवढं ऐकून घ्यायचं, थोडं सरकायचं आणि पुन्हा बघायचं. गाडीची स्टेज आली की मागची सगळी गर्दी मिळून रस्ता सांगायची. मराठी शाळेची, उर्दू शाळेची, हॉटेलात कपबशा धुणारी, सगळी पोरं खांद्याला खांदा लावून.

गेम संपला की स्क्रीनवर नवापासून उलटे आकडे सुरू व्हायचे. खेळणारा खिसे चाचपतोय, तीन, दोन... आणि मागून एखादा हात पुढं येऊन रुपया टाकायचा. मग रिवाज असा की स्टिक जुन्याकडंच, बटणं रुपयावाल्याकडं. दोघं मिळून एकच माणूस चालवायचे. आधी ओळख असायलाच पाहिजे असं काही नव्हतं. माझा सगळ्यात जवळचा मित्र मला असाच मिळाला.

लोडशेडिंगच्या वर्षांत लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. चाचांकडं शाळेची एक वही होती. लाईट गेली की ते मेणबत्ती लावून कुणाचा कॉइन चालू होता ते लिहून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी त्या पोरानं काही म्हणायच्या आधीच मशीन उघडून गेम चालू करून द्यायचे. आमच्यासारख्या लहान पोरांच्या रुपयाचा हिशेब ठेवणारा दुसरा मोठा माणूस मला तेव्हा माहीत नव्हता.

२०१६ मध्ये खरं गणित बिघडलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तेव्हा पोरं घागरी घेऊन टँकरपाशी उभी, खेळायला येणार कोण? पाऊस झाला, पाणी आलं, आणि सप्टेंबरात जिओ आलं. मग पबजी. चाचांनी कॉम्प्युटर बसवून पाहिले, पण पोरांच्या हातात फोन होता. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद राहिलं ते पुन्हा भरलंच नाही. फोनवरचा खेळ वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझा पुतण्या फार छान खेळतो. पण तो खेळताना त्याच्या मागं कुणी उभं नसतं, आणि ज्याच्या घरी फोन नाही त्या पोरानं कुठं जाऊन बघायचं, हे मला कळत नाही.

जागेत आता अभ्यासिका होणार आहे. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला वेगळा दिवा, महिन्याची फी. ट्युशनच्या पोरांना तिची गरज आहे, तिला माझा विरोध नाही. घरमालकांना मी एवढंच सांगून आलो की बाहेरचा ओटा तेवढा तोडू नका, पोरांना बसायला राहू द्या. “बघू, फर्निचरवाला काय म्हणतो ते,” म्हणाले. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे.