यायचा राहिलेला रिपोर्ट

गेल्या श्रावणाच्या अखेरीस माझ्या मावशीचे पित्ताशय खड्यांमुळे काढावे लागले. दुर्बिणीने ऑपरेशन झाले, तिसऱ्या दिवशी ती देवगड तालुक्यातील आपल्या घरी आली आणि चतुर्थीच्या गडबडीत आजारपण मागे पडले. काढलेले पित्ताशय फॉर्मालिनमध्ये घालून तपासणीसाठी पाठवले आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. डिस्चार्ज कार्डावर औषधे, पथ्य, टाके काढण्याची तारीख, सर्व काही होते. त्या तपासणीचा मात्र उल्लेख नव्हता. रिपोर्ट नवव्या दिवशी तयार झाला. आमच्या हाती तो पडला दसऱ्याच्या तोंडावर, त्रेचाळिसाव्या दिवशी, तोही विम्याच्या दाव्यासाठी मावसभाऊ फाइलची प्रत आणायला गेला म्हणून. त्यात कर्करोगाचे निदान होते.

मी स्वतः अनेक वर्षे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, त्यामुळे हे कसे घडले याचा मी शोध घेतला. पॅथॉलॉजिस्टने निदान अचूक लिहिले होते. कागद वॉर्डात पोहोचला, परंतु रुग्ण घरी गेलेली असल्याने तो फाइलला लावून फाइल रेकॉर्ड विभागात गेली. सर्जन आठवड्यातून दोनदा बाहेरगावाहून येणारे होते. केस पेपरवरचा फोन नंबर मुंबईतल्या मुलाचा, तोही बंद पडलेला. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरते काम पूर्ण केले होते आणि इकडे घरी काका समाधानाने सांगत होते, "फोन येवक नाय म्हणजे सगळा बरा आसतला."

तातडीच्या निकालांच्या बाबतीत प्रयोगशाळांना एक चांगली शिस्त लागलेली आहे. जिवाला तात्काळ धोका दाखवणारे आकडे डॉक्टरांना लगेच कळवले पाहिजेत, हा विचार जॉर्ज लुंडबर्ग या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने 1972 मध्ये मांडला. रक्तातले पोटॅशियम 6.5 च्या वर, म्हणजे धोकादायक पातळीवर गेले की आम्ही छापील रिपोर्टची वाट न पाहता वॉर्डात फोन करत असू, ऐकणाऱ्याकडून आकडा आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक परत वदवून घेत असू, आणि त्याचे नाव व वेळ वहीत लिहून ठेवत असू. नोंदणी क्रमांकाचा आग्रह अशासाठी, की एकाच वाडीतील, एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असणे आपल्याकडे मुळीच दुर्मीळ नाही.

उशिरा येणाऱ्या निकालांना मात्र असा वाली नसतो. बायोप्सीला काही दिवस लागतात, कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याला, दोन-तीन, क्षयरोगाच्या कल्चरला कधी सहा आठवडे. तोवर खाट दुसऱ्याला मिळालेली असते. लावणीच्या दिवसांत लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाच्या) संशयाने आलेल्या माणसाची प्रतिपिंड तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते आणि तेवढ्यावर आजार नाही असे ठरत नाही, नमुना पुन्हा घ्यावा लागतो. ताप उतरून तो पुन्हा चिखलात उभा राहिला असेल, तर त्याला बोलावून आणायचे कोणी?

माझे मत स्पष्ट आहे: ज्या डॉक्टरने तपासणी लिहून दिली, निकाल पाहण्याची जबाबदारी त्याची, आणि तो उपलब्ध नसेल तर ती दुसऱ्या डॉक्टरकडे नावानिशी सोपवलेली असली पाहिजे. प्रयोगशाळेतून गेलेले रिपोर्ट आणि डॉक्टरांनी पाहून सही केलेले रिपोर्ट यांचा ताळा आठवड्यातून एकदा घ्यायला एक माणूस आणि एक तास पुरतो. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणे म्हणजे निकाल कळवणे नव्हे. समोरच्याला त्याचा अर्थ आणि पुढचे पाऊल समजले, याची खात्री झाल्यावरच ते काम संपते.

रोग पित्ताशयाच्या आतल्या अस्तरापुरता असता तर पहिले ऑपरेशन पुरले असते. मावशीच्या बाबतीत तो स्नायूच्या थरात पोहोचला होता, त्यामुळे यकृताचा लगतचा भाग आणि लसिका ग्रंथी काढण्यासाठी मुंबईत दुसरे ऑपरेशन करावे लागले. त्यापूर्वी मुलांनी निदान तिच्यापासून लपवले होते. ते कळल्यावर तिने एवढेच विचारले, "माका कित्याक नाय सांगलास?" आणि कोणालाच उत्तर देता आले नाही.

मुंबईतून घरी सोडताना सिस्टर औषधे समजावत होत्या. मावशीने त्यांना मध्येच थांबवून विचारले, "आणखी खयचो रिपोर्ट येवचो आसा?" एक होता. सिस्टरांनी पेन काढून कार्डाच्या तळाशी तपासणीचे नाव, तारीख आणि विभागाचा फोन नंबर लिहिला, आणि मावशीने तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला.