युव्हायटिस किती जणांना होतो?

धाकट्या भावाला युव्हायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत होणारा दाह, असल्याचे निदान झाले, तेव्हा गोव्यात डिचोलीला राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांना हा आजार लाखात एखाद्यालाच होत असावा असे वाटले. तसे मुळीच नाही. मात्र तो कितींना होतो, याचे उत्तर मोजणी कुठे आणि कशी केली यावर फार अवलंबून असते.

बुबुळाचा रंगीत पडदा, त्यामागचा स्नायूंचा भाग आणि दृष्टिपटलाखालचा रक्तवाहिन्यांचा थर यांपैकी कुठेही दाह झाला की त्याला युव्हायटिस म्हणतात. उत्तर कॅलिफोर्नियातील एका आरोग्य योजनेच्या नोंदी चाळून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण लाखामागे सुमारे ११५ निघाले. हैदराबादेत मात्र निवडक वस्त्यांतील अडीच हजारांवर लोकांचे डोळे प्रत्यक्ष तपासले गेले, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते ०.७३ टक्के, म्हणजे लाखामागे ७३० भरले. यावरून भारतीयांचे डोळे अधिक दुबळे ठरत नाहीत. पहिल्या मोजणीत डॉक्टरकडे गेलेलेच रुग्ण आले, तर दुसरीत पूर्वी दाह होऊन गेल्याच्या खुणा उरलेली, कधी डॉक्टरची पायरीही न चढलेली माणसे धरली गेली.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. तिला पहिला दर लावला तर सुमारे १,७०० रुग्ण होतात आणि दुसरा लावला तर साडेदहा हजारांच्या वर. हा केवळ हिशेब आहे, गोव्याची मोजणी नव्हे. पण दोन्ही आकड्यांतील दरी पाहता केवळ इस्पितळाच्या नोंदींवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. शिवाय बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सावंतवाडी-दोडामार्गाकडचे रुग्णही येतात, तर गोव्यातील काही जण उपचारासाठी बेळगाव-मुंबई गाठतात. तेव्हा तेथील रुग्णसंख्येला गोव्याच्या लोकसंख्येने भागून येणारा दर नेमका कोणाचा, हे सांगणे कठीण होते.

कितीतरी रुग्ण तर नोंदीपर्यंत पोहोचतच नाहीत. डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ असे समजून औषधांच्या दुकानातून थेंब आणले जातात. डोळे येण्यात चिकटा आणि खुपणे अधिक असते. बुबुळाच्या पडद्याला दाह झाला तर डोळा आतून ठणकतो, उजेड सोसत नाही आणि दृष्टी धूसर होते. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली तात्पुरती ओसरते, पण कारण तसेच राहते, आणि ते क्षय, लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) किंवा भावाप्रमाणे मणक्याचा संधिवातही असू शकते. (त्याची पाठदुखी आम्ही सगळेच दुचाकीच्या माथी मारत होतो.)

गोव्यात कधी सर्वेक्षण झालेच, तर बाहुली विस्फारून तपासणी व्हावी, चालू दाह आणि जुन्या खुणा यांची नोंद वेगवेगळी ठेवावी आणि पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या सत्तरी-पेडण्यातील माणसांना पणजी-मडगावच्या सरासरीत विरघळू देऊ नये.